ताटाची डावी बाजू: लोणचं-पापड सोडून रोज काय करता?

गवारीची_शेंग | 20 जानेवारी, रात्री 10:52

मंडळी, धाग्याला कारण आमचे सासरे. वय 71, हयात गेली लोणच्याच्या खारात भाकरी बुडवण्यात. संक्रांतीच्या आधी बीपी भलतंच वर गेलं आणि डॉक्टरांनी दोन वाक्यांत निकाल लावला : मीठ निम्मं करा, आणि ताटात निम्म्या जागेत भाज्या दिसू द्या.

घरी आल्याआल्या मी लोणच्याच्या बरण्या आणि पापडाचा डबा वरच्या फळीवर चढवला. त्या जागी आल्या काकडी, टोमॅटो, गाजराच्या चकत्या. पहिल्या दिवशी बाबांनी चकत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हे जेवण आहे की हॉलवाल्याची सजावट?" आठवडा झाला. चकत्या जशा वाढते तशा परत येतात आणि दुसऱ्या दिवशी थालीपिठात जातात.

तर प्रश्न असा : तोंडी लावायला पौष्टिक, पण खरोखर *चवीचं* असं तुम्ही रोज काय करता? माझ्या अटी -
मीठ आणि तेल बेतानं.
सकाळी माझ्याकडे 15 मिनिटं असतात. 8:11 ची लोकल, ठाणे.
मुलगी (वय 9) कच्चा कांदा दिसला की ताट सरकवते.

ऑलिव्हवाली, फेटा चीजवाली सॅलडं सुचवू नका. बाबा घर सोडून जातील.

काठावरचा | रात्री 11:04

शीर्षक वाचून राजकारणाचा धागा समजून धावत आलो. इथे डाव्यांचीच सत्ता दिसतेय. असो, पोळी घेऊन बसतो.

चिमूटभर_हिंग | रात्री 11:31

गवारताई, चकत्या कोणीच खात नाही. मी पण नाही. आपली जीभ चकत्यांची नाहीच मुळी, तिला कूट आणि फोडणी लागते.

खमंग काकडी करा. पण किसू नका, चोचवा. काकडी सोलून डाव्या हातात उभी धरायची, सुरीनं वरून बारीक बारीक घाव घालत हातातल्या हातात फिरवायची आणि मग आडवी कापत जायची. खाली बारीक, वेडेवाकडे, कुरकुरीत तुकडे पडतात. किसलेल्या काकडीचा दोन मिनिटांत चोथा आणि पाणी वेगळं होतं, चोचवलेली अर्धा तास टिकते.

वर दाण्याचं भरड कूट, ओलं खोबरं, लिंबू, चिमूटभर साखर. अर्धा चमचा तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची तडतडवून ओता. मीठ ताटात वाढायच्या क्षणी. हे महत्त्वाचं आहे, कारण मीठ काकडीतलं पाणी ओढून काढतं. आधी घातलं की कोशिंबीर पाणचट होते, पाणचट झाली की चव लागत नाही, चव लागत नाही म्हणून आपण आणखी मीठ घालतो. शेवटी घातलं तर जिभेला थेट लागतं आणि निम्म्यात भागतं.

आणि आधी काकडी चाखून बघा. एका कडू काकडीनं आमच्याकडे सत्यनारायणाच्या दिवशी अख्खं पातेलं नासलं होतं.

डब्यातली_पोळी | 21 जानेवारी, सकाळी 6:40

+१. चोचवणे हा शब्द किती वर्षांनी वाचला! आजी विळीवर करायची. मी प्रयत्न केला तर काकडीपेक्षा अंगठाच जास्त चोचवला गेला.

सोलापूरकर | सकाळी 9:15

आमच्या भागातला घोळाणा कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. हिवाळ्यात यापुढे सगळं फिकं.

कोवळी मेथी निवडायची, तीन-चार पाण्यातून धुवायची (कच्ची खायची आहे, माती राहिली तर दाताखाली येते), फडक्यावर पूर्ण कोरडी करून बारीक चिरायची. त्यात चिरलेला कांदा किंवा कांद्याची पात, शेंगदाण्याचं कूट, थोडं लाल तिखट, लिंबू आणि चमचाभर कच्चं शेंगतेल. हातानं हलकं घोळायचं. म्हणून घोळाणा. गॅस नाही, फोडणी नाही. मेथी निवडायला आदल्या रात्री टीव्हीसमोर बसलात तर सकाळी पाच मिनिटांचं काम.

करडईच्या कोवळ्या पानांचा, हरभऱ्याच्या शेंड्यांचाही करतात. हरभऱ्याच्या पानाला अंगचाच आंबटपणा आणि खारटपणा असतो, त्यात मीठ जवळजवळ लागतच नाही. तुमच्या बाबांसाठी तोच बघा. ठाण्यात मिळाला तर.

गवारीची_शेंग | सकाळी 9:50

@सोलापूरकर, स्टेशनबाहेर हरभऱ्याच्या जुड्या दिसतात हल्ली, पण घाट्यांसकट. पाला कोवळा आहे का ते बघते. मेथी आजच घेते.

@हिंग, मीठ शेवटी हे डोक्यातच आलं नव्हतं. मी तर आधी मीठ लावून काकडी पिळत होते!

चिमूटभर_हिंग | सकाळी 10:02

पिळलीत तरी ते पाणी फेकू नका, थालीपिठाच्या पिठात घाला. पण मग त्या पिठात वेगळं मीठ घालायचं नाही.

नवलकोल | दुपारी 3:20

जर्मनीतून. इथे आल्यावर वाटलं होतं की डावी बाजू विसरावी लागणार. ओला नारळ नाही, कढीपत्ता महिन्यातून एकदा एशियन दुकानात, तोही मरगळलेला. पण बाजारात कोलराबी म्हणून ढीग लागलेले असतात, तो आपला नवलकोलच. इथले लोक त्याच्या कांड्या करून कच्च्या खातात. मी किसून दही, कूट, मोहरीची फोडणी घालते. मुळ्यासारखा चुरचुरीतपणा, पण उग्र वास नाही. ज्या मुलांना मुळा चालत नाही त्यांच्यासाठी अगदी सोय.

दुसरं म्हणजे लाल छोट्या मुळ्यांची जुडी पाल्यासकट मिळते आणि दुकानातच पाला तोडून टाकायला पेटी ठेवलेली असते. सुरुवातीला त्या पेटीतून पाला उचलून आणावासा वाटायचा. (एकदा आणला. नवरा दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला.) त्या पाल्याचा घोळाणा होतो का @सोलापूरकर? कोवळ्याला लव असते, घशाला खवखवते.

सोलापूरकर | दुपारी 4:05

लव असलेला पाला कच्चा नको. चिरून, थोडं मीठ लावून चुरा, पिळा, मग पीठ पेरून वाफवा. आणि पेटीतून उचलायला लाज कसली? आमच्याकडे मुळा घेतला की पाला आणि डिंगऱ्या कधी येतात याचीच वाट बघतात.

रोखठोक_भाऊ | संध्याकाळी 6:18

हे सगळं ठीक. पण मला एक कळत नाही. माझी आजी रोज दोन्ही वेळा लोणचं खायची, वर सांडगी मिरची, आणि 92 वर्षं जगली. तेव्हा कुठे होता हा हेल्दीपणा? एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडची चव काढून घ्यायची आणि त्याला काळजी म्हणायचं!

डब्यातली_पोळी | संध्याकाळी 6:25

आला, आजीचा मुद्दा आला. पहिल्या दहा प्रतिसादांत आला. मी पैज जिंकले.

मिठागर | संध्याकाळी 7:40

भाऊ, तुमच्या आजी लोणचं किती घ्यायच्या ते आठवा. एक फोड. तीही जेवण संपेपर्यंत चाटून पुरवायच्या. आणि दिवसभर दळण, पाणी, कपडे. शिवाय ज्या आज्या 60 व्या वर्षी गेल्या त्यांची उदाहरणं धाग्यांवर देत नाहीत कोणी.

मी आहारतज्ज्ञ आहे. नाव-गाव नको, पण कामाचं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठी शिफारस दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे सपाट चहाचमच्याहून जरा कमीच. हे *सगळं मिळून*. आमटी, भाजी, पोळीतलं, बिस्किटातलं, फरसाणातलं, सगळं. घरात मोजायचं असेल तर सोपा हिशेब आहे : चार मोठी माणसं, किलोभर मिठाची पिशवी किमान 50 दिवस पुरायला हवी. पिशवी फोडली की त्यावर पेनानं तारीख टाका.

वर्षाच्या लोणच्यात मीठ चवीसाठी नसतं, टिकण्यासाठी असतं. म्हणून "कमी मिठाचं कैरीचं लोणचं" असा प्रयोग करू नका, बुरशी येईल. त्यापेक्षा ताजं करा. सध्या गाजर, फ्लॉवर, मटार, ओली हळद, आवळे सगळं आहे. लिंबाच्या रसात, मोहरीची डाळ फेसून, दोन दिवसांपुरतं, फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात कैरीचा तक्कू.

एक धोक्याची सूचना. बाजारात "लो सोडियम" मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. @गवार, बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

काठावरचा | संध्याकाळी 7:58

आताच बायकोला विचारलं. आमची पिशवी 22 दिवसांत संपते. माणसं तीन.

डब्यातली_पोळी | रात्री 8:01

काय आंघोळ करता का मिठानं?

काठावरचा | रात्री 8:03

पास्ता. मुलगा पाण्यात मूठभर टाकतो. आणि बायको म्हणते तो हिशेब न धरताही आपण दोषीच आहोत.

गवारीची_शेंग | रात्री 9:30

@मिठागर, बाप रे. परवाच मी ते मीठ ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं. काढलं. मनापासून आभार.

@भाऊ, चव काढून घेतली हे खरंय हो. म्हणून तर धागा काढला ना.

तवशाचे_करम | रात्री 10:12

फोंड्याहून. आमच्याकडे कोशिंबिरीला करम म्हणतात. नाव घेतलंय त्यावरूनच कळेल मला किती आवडतं. तवसं म्हणजे काकडी. भरपूर ओलं खोबरं, मिरची, लिंबू नाहीतर बिंबल. दाण्याचं कूट घालत नाही. घाटावरचे लोक जळी-स्थळी कूट घालतात, त्यामुळे गाजर असो, काकडी असो, बीट असो, सगळ्याची चव एकच : कूट.

मासे खात असतील तर सुंगटांची किसमूर करा. सुकी सुंगटं कोरडी भाजून, त्यात खोबरं, कांदा, तिखट, आमसुलाचं आगळ. मात्र सुक्या मासळीत मीठ असतंच, तेव्हा बाबांना चमचाभरच. त्यांच्यासाठी नीरफणसाच्या नाहीतर सुरणाच्या कापा रवा लावून तव्यावर, थेंबभर तेलात.

सोलापूरकर | रात्री 10:20

कुटावर बोलायचं काम नाही.

तवशाचे_करम | रात्री 10:21

बोललोय ऑलरेडी.

शेंगदाणा_सेना | रात्री 10:44

हा आयडी मी आत्ता या धाग्यासाठी काढलाय. कूट झिंदाबाद. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात. मांस-मच्छी न खाणाऱ्या घरात दोन चमचे कूट म्हणजे नुसती चव नसते.

मिठागर | रात्री 10:58

आणि त्याच 100 ग्रॅममध्ये पाचशे साठ-सत्तर कॅलरी. दोन चमचे ठीक, सेना कशाला?

जवसबाई | 22 जानेवारी, दुपारी 12:15

वऱ्हाडातून जवस आणि कारळं घेऊन येते. कोरड्या चटण्या हा तुमच्या सकाळच्या 15 मिनिटांवरचा खरा तोडगा आहे, रविवारी केल्या की आठवडा निघतो.

जवस मंद आचेवर भाजायचे. तडतडायला लागले आणि एखादा दाणा दाताखाली कुर्रकन फुटला की उतरवायचे. पूर्ण गार झाले की लसूण, लाल मिरची, जिरं, थोडं आमचूर घालून भरड वाटायचे. अख्खे जवस खाऊ नका, तसेच्या तसे पोटातून निघून जातात. वाटले तरच ते ओमेगा-3 वगैरे अंगी लागतं. पण वाटलेल्या जवसाला खवट वास लवकर येतो, म्हणून वाटीभरच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. आमचूर आणि लसूण सढळ असला की मिठाची उणीव भासत नाही. मी माझ्या आईसाठी बिनमिठाची करते, ती ताकातल्या भाकरीबरोबर खाते, तिला अजून कळलेलं नाही.

असाच कढीपत्ता. असेच तीळ. दोडक्याच्या शिरा काढल्या की फेकू नका, थेंबभर तेलात कुरकुरीत परतून तीळ-मिरचीबरोबर भरडा. माझा मुलगा दोडक्याची भाजी खात नाही आणि सालीची चटणी चाटूनपुसून खातो, यावर मी आता विचार करणं सोडून दिलंय.

सोलापूरकर | दुपारी 12:40

शेंगा चटणीचं एक सांगतो मग. मिक्सरला सलग फिरवली की दाणे तापतात आणि पीनट बटर होतं. एक-एक सेकंद, थांबत थांबत. खरी मजा उखळातलीच, कुटता कुटता तेल सुटतं आणि चटणीचे गोळे बांधले जातात. वरून तेल ओतावंच लागत नाही.

खरडा_नव्हे_ठेचा | दुपारी 1:30

ठेचा कुणीच कसा नाही लिहिला!

पंचगंगा | दुपारी 1:42

कारण त्याला खरडा म्हणतात. तव्यावर मिरच्या, लसूण, दाणे परतायचे आणि तिथंच तांब्याच्या बुडानं खरडायचं. तवा खरडला जातो म्हणून खरडा.

खरडा_नव्हे_ठेचा | दुपारी 1:50

ठेचतो म्हणून ठेचा. तुम्ही खरडत बसा, तोवर आमची भाकरी संपली पण.

*(प्रशासकांची नोंद : पुढचे 14 प्रतिसाद "खरडा की ठेचा" या जुन्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयावर या.)*

बिटाची_बहीण | संध्याकाळी 5:05

विषयावर येते. डॉक्टरांनी भाज्या वाढवा म्हटल्यावर मी बाबांना (माझ्या) तीन दिवस सलग बिटाची कोशिंबीर घातली. किसलेलं कच्चं बीट, दही, गुलाबी रंग, दिसायला काय सुंदर! तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाबा घामाघूम होऊन दारात उभे. "बाई, रक्त जातंय. आईला सांगू नकोस." रिक्षा, इमर्जन्सी, तपासणी. तिथल्या तरुण डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, काल जेवणात काय होतं?"

काही जणांची लघवी बिटानं लाल होते म्हणे, त्यात काळजीचं काही नसतं. आमच्या घरी मात्र बीट हा शब्द काढायची बंदी आहे. तुम्ही वाढणार असाल तर आधी कल्पना देऊन ठेवा.

काठावरचा | संध्याकाळी 5:11

या प्रतिसादासाठी आजवरचा सगळा धागा वसूल.

मिठागर | संध्याकाळी 5:30

हसून झालं असेल तर : बिटाचं कळलं तर घाबरू नये, पण बीट न खाता लाल दिसलं तर वाट बघू नये.

कच्चं की शिजवलेलं, हा वाद कोणी काढायच्या आत सांगून टाकते. दोन्ही. गाजरावर थोडी फोडणी घालणं चांगलंच, त्यातलं कॅरोटीन स्निग्धाबरोबर अंगी लागतं. पालेभाजीवर, मोडांवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं. मोडाची मटकी-मूग मात्र म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांना कच्चे देऊ नका. उबेला, ओलाव्याला मोड येतात तसे जंतूही वाढतात. चांगली वाफ आणा, गार करा, मग काकडी-कैरी घाला.

ओट्याजवळची_खुर्ची | रात्री 9:20

सगळा धागा वाचला. चोचवा, निवडा, भाजा, कुटा, फेसा. छान. कोण करणार? गवारताई 8:11 ची लोकल पकडतात. घरात खाणारी चार तोंडं आणि चिरणारे हात दोनच. मी 30 वर्षं डावी-उजवी दोन्ही बाजू वाढली. नवरा जेवायला बसल्यावर विचारायचा, "आज कोशिंबीर नाही?" एकदाही "काकडी देऊ का चिरून?" नाही विचारलं.

तोंडी लावणं म्हणतात त्याला, पण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. म्हणून तर सगळ्यात आधी तेच बंद पडतं आणि मग बरणी उघडली जाते. बरणीला चिरावं लागत नाही.

रोखठोक_भाऊ | रात्री 9:41

हे मात्र पटलं. उद्यापासून काकडी मी.

डब्यातली_पोळी | रात्री 9:43

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

भरीतप्रेमी_जळगाव | 23 जानेवारी, सकाळी 8:30

सकाळी चिरायचं नको असेल त्यांनी भरिताकडे वळा. एक वांगं, भाजलं, सोललं, झालं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. हिरवं, पोटाला पांढुरकं, बिया कमी. आमच्याकडे ते काटक्यांच्या जाळावर भाजतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर हाणतात. गॅसवर भाजलं तर धुराचा वास तेवढा येत नाही, पण येतो. धुराचा वास असला की मीठ कमी लागतं, हे माझं निरीक्षण.

आमचं खान्देशी भरीत तेलात पोहतं, ते बाबांना नको. दह्यातलं करा : भाजलेलं वांगं, घट्ट दही, कांद्याची पात, मोहरीची फोडणी. दही अगदी वाढताना. लाल भोपळा वाफवूनही असंच होतं, आणि मुलगी खाईल कारण गोडसर असतं.

तवशाचे_करम | सकाळी 9:00

कूट नाही घातलं! माणूस सापडला.

भरीतप्रेमी_जळगाव | सकाळी 9:12

शेंगदाणे अख्खे तळून घालतो. लिहायचं राहिलं.

कैरीडाळ | सकाळी 11:25

उडदाचं डांगर कोणाला आठवतं का? भाजलेल्या उडदाचं पीठ, ताक, कच्चा कांदा, हिंग-मिरचीची फोडणी. दोन मिनिटं. पीठ दळून आणलं की महिनाभर चिंता नाही. आणि चैत्रात आंब्याची डाळ. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरड वाटायची, किसलेली कैरी, फोडणी. लोक तिला हळदीकुंकवाच्या वाटीपुरती ठेवतात, मी एप्रिलभर ताटात घेते. डाळच आहे, चांगली वाटीभर खावी.

गवारीची_शेंग | 14 फेब्रुवारी, रात्री 11:15

मंडळी, अहवाल द्यायला उशीर झाला, माफी.

मेथीचा घोळाणा : बाबांनी दोनदा मागून घेतला. त्यांचं आजोळ बार्शीकडचं, हे मला लग्नाला 14 वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. घोळाणा बघितल्यावर मामाच्या शेतातल्या हुरड्याच्या गोष्टी निघाल्या. लेकीनंही खाल्ला, पात इतकी बारीक चिरली की तिला कांदा दिसलाच नाही.

जवसाची चटणी जमली. पहिला घाणा करपला, दुसरा बरा. दोडक्याच्या शिरांची लेकीला आवडली. दह्यातलं भरीत ऑफिसच्या डब्यात नेलं, तिथेच संपलं.

नवलकोल इथे मिळाला, बाबांनी ओळखला नाही, "मुळा चांगला होता" म्हणाले.

आणि ओट्याजवळच्या खुर्चीताई, तुमचा प्रतिसाद मी रात्री मोठ्यानं वाचून दाखवला. नवऱ्याला म्हणून. तो "हो, बरोबर आहे" म्हणून फोनमध्ये गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला स्वयंपाकघरात गेले तर डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर परात, आणि बाबा काकडी हातात धरून चोचवतायत. चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाले, माझी आई असं करायची, बघू जमतंय का. दोन काकड्यांना 40 मिनिटं लागली. तुकडे कुठे माशीएवढे, कुठे अंगठ्याएवढे. मीठ घालायला मी हात पुढे केला तर, "थांब, वाढताना!" तुमचाच धागा मलाच ऐकवला.

आता रोज सकाळी तेच करतात. एक फोड लोणचं मी परत चालू केलंय, त्यांनी चोचवलेल्या कोशिंबिरीची वाटी संपली की मिळते. परवा बीपी पूर्वीपेक्षा बरं आलं. गोळीही वाढवली होती, त्यामुळे श्रेय काकडीला किती ते मिठागरताई सांगतील.

मिठाची पिशवी 23 जानेवारीला फोडली. अजून निम्म्याहून जास्त आहे.

मिठागर | 15 फेब्रुवारी, सकाळी 7:05

श्रेय गोळीला द्या आणि काकडी चालू ठेवा. डॉक्टरांना न विचारता गोळी कमी करू नका, एवढंच.

ओट्याजवळची_खुर्ची | सकाळी 8:48

दोन काकड्यांना 40 मिनिटं! लागू देत.

डब्यातली_पोळी | सकाळी 9:10

@रोखठोक_भाऊ, 22 जानेवारीचा स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे.

रोखठोक_भाऊ | सकाळी 9:34

नऊ दिवस केलं. मग काकडी महागली.

गवारीची_शेंग | सकाळी 9:52

बाबा विचारतायत की चोचवायला सुरी कोणती चांगली, आमची पात्याला वाकते. @हिंग?

चिमूटभर_हिंग | सकाळी 10:20

छोटी, पातळ, बिनदात्याची. बाजारात भाजीवाल्यांकडे लाल मुठीची मिळते ना, तीच. आणि बाबांना सांगा, काकडी गोल फिरवायची, सुरी नाही. सुरी जागच्या जागी वर-खाली. अंगठा मागे.